रट्ठपिंड : विद्यापीठांच्या द्रव्यबळाचा इतिहास आणि आपण

संयुत्तनिकायाच्या कस्सपसंयुत्तात महाकस्सप थेरांचे एक कथन आले आहे. प्रव्रज्येनंतर सात दिवस आपण ऋणी राहून रट्ठपिंड सेवन केला आणि आठव्या दिवशी आपणास ज्ञान प्राप्त झाले, असे ते आनंदांना सांगतात. रट्ठ म्हणजे राष्ट्र, जनपद. पिंड म्हणजे भिक्षेचा घास. जो स्वतः नांगर धरीत नाही, तो दुसऱ्याने पिकविलेले अन्न खातो. ते अन्न तोपर्यंत त्याच्यावर ऋण असते, जोपर्यंत ज्या कार्यासाठी ते त्यास दिले गेले ते कार्य त्याच्या हातून सिद्ध होत नाही, असा या कथनाचा आशय आहे.

हा विचार भिक्षूच्या आचारापुरताच मर्यादित मानण्याचे कारण नाही. अध्यापन आणि संशोधन करणारा वर्गही प्रत्यक्ष उत्पादन करीत नाही. त्याचा चरितार्थ, त्याचे ग्रंथालय व त्याच्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह समाजाच्या श्रमावर उभे असते. तेव्हा विद्येचा खर्च आजवर कोणी उचलला, कोणत्या पद्धतीने उचलला आणि त्या खर्चातून विद्या कोणाच्या दारी पोहोचली, हे तीन प्रश्न इतिहासाला विचारले पाहिजेत. प्रस्तुत लेखात त्यांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

लेण्यांतील हिशेब

या शोधाचा आरंभ आपल्या महाराष्ट्रातूनच करता येतो. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. वर्ष ४२ चा उल्लेख असलेल्या लेखात त्याने भिक्षुसंघाला ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिल्याचे नमूद आहे. ही रक्कम त्याने संघाच्या हाती सोपविली नाही. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ती ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने, तर दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने. मूळ रक्कम कधीही परत घ्यावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट आहे. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आला.

यातील हिशेब पडताळून पाहण्यासारखा आहे. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण व्याज होते. लेणीत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेखात म्हटले आहे. वीस बारे दोनशे चाळीस. व्याज आणि खर्च यांचा मेळ तंतोतंत बसतो. दात्याने आधी गरज मोजली, नंतर भांडवल ठरविले. दान एकदाच दिले गेले, परंतु खर्च दरवर्षी भागत राहील अशी तजवीज केली. शिवाय ठेव ज्यांच्या हाती दिली ते विणकर होते. भांडवल त्यांच्या धंद्यात फिरत राहिले आणि त्यांच्या मागाच्या उत्पन्नातून भिक्षूंची चीवरे आली.

विद्याकेंद्रांच्या अर्थव्यवहारातील एक मूलभूत तत्त्व येथे दिसते. इमारत एकदा बांधून होते. माणसे मात्र दरवर्षी जेवतात. म्हणून विद्येला एकरकमी देणगीपेक्षा खात्रीचे, दरवर्षी येणारे उत्पन्न अधिक आवश्यक असते.

नालंदेची गावे

नालंदा महाविहाराचा पसारा व्याजाच्या ठेवीवर चालण्यासारखा नव्हता. त्यासाठी गावांचा महसूल लावून देण्यात आला. सातव्या शतकात तेथे राहिलेल्या ह्युएन त्संगच्या चरित्रात सुमारे १०० गावांचे उत्पन्न विहाराकडे असल्याचे सांगितले आहे. त्या गावांतील २०० कुटुंबे रोज तांदूळ, लोणी व दूध पोहोचवीत. विद्यार्थ्यांना चार प्रत्ययांसाठी कोठे हात पसरावा लागत नसे आणि त्यांच्या विद्येच्या पूर्णतेचे मूळ या व्यवस्थेत आहे, असे चरित्रकार स्पष्टपणे म्हणतो. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आलेला इत्सिंग ३००० हून अधिक भिक्षूंचा व २०० हून अधिक गावांचा उल्लेख करतो.

या व्यवस्थेचा राजकीय दस्तऐवजही उपलब्ध आहे. १९२१ मध्ये नालंदेच्या उत्खननात पालराजा देवपाल याचा ताम्रपट सापडला. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत एक विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावे दान दिली. चार राजगृह विषयातील व एक गया विषयातील. दानाचा उद्देश बारकाईने लिहिला आहे : पूजा, भिक्षूंचे चीवर, पिंडपात, शयनासन व औषधी, धर्मग्रंथांचे लेखन आणि विहाराची डागडुजी. आजच्या भाषेत सांगावयाचे तर आस्थापना खर्च, संशोधन व ग्रंथनिर्मिती आणि इमारतीची देखभाल या तिन्ही बाबी एकाच दानपत्रात आल्या आहेत. ग्रंथलेखन ही फावल्या वेळात करावयाची गोष्ट नसून तिचा खर्च राहणीच्या खर्चाबरोबरच धरला पाहिजे, हे त्या काळी मान्य झालेले होते.

परंतु नालंदेच्या वैभवाचे वर्णन करून येथेच थांबणे आपणास शोभणार नाही. तांदळाचे ओझे वाहून आणणाऱ्या त्या २०० कुटुंबांचे काय, हा प्रश्न बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी विचारलाच पाहिजे. इत्सिंगने विहारांच्या शेतजमिनीविषयी लिहिले आहे. संघाने जमीन व बैल पुरवावेत, कसणाऱ्यांनी शेत कसावे आणि उत्पन्नाचा सहावा हिस्सा संघास द्यावा, अशी विनयानुसारी रीत तो सांगतो. हा वाटा जुलमी म्हणता येणार नाही. तथापि त्या कुटुंबांतील मुले महाविहाराच्या द्वारपंडितांसमोर कधी उभी राहिली काय, याची नोंद कोठेही नाही. दात्यांची नावे ताम्रपटावर कोरली गेली. ज्यांच्या श्रमातून दान निर्माण झाले त्यांची नावे उरली नाहीत.

या व्यवस्थेची दुसरी मर्यादा म्हणजे ती राजसत्तेवर अवलंबून होती. इ.स. १२०० च्या सुमारास मगधातील महाविहार उद्ध्वस्त झाले. १२३५ च्या सुमारास तिबेटी भिक्षू धर्मस्वामी नालंदेत आला तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सुमारे ७० विद्यार्थ्यांना शिकवीत होते. त्यांच्या निर्वाहाचा भार प्रामुख्याने ओदंतपुरीचा जयदेव नावाचा एक ब्राह्मण उपासक वाहत होता. शेकडो गावांच्या महसुलावर चाललेली संस्था एका उपासकाच्या दानावर येऊन ठेपली होती. गुरूची निष्ठा अढळ होती, शिष्यही होते. परंतु एवढ्याने महाविहार चालत नाही. एका दात्याच्या आयुष्याइतकेच अशा संस्थेचे आयुष्य असते.

परीक्षा घेणारी विद्यापीठे आणि देणग्या

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन धर्तीवर केवळ परीक्षा घेणारी होती. अध्यापन महाविद्यालयांत चाले, विद्यापीठ परीक्षा घेई आणि परीक्षेचे शुल्क हे त्याचे महत्त्वाचे उत्पन्न असे. अशा विद्यापीठाला संशोधनासाठी द्रव्य लागत नव्हते, कारण संशोधन हे त्याचे कामच मानले गेले नव्हते. मुंबईत धनिकांनी देणग्या दिल्या. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय व मनोऱ्यासाठी लाखो रुपये दिले, कावसजी जहांगीर यांनी सभागृहासाठी दिले. त्यांच्या औदार्याविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, दगडी वास्तूला दाता मिळतो, अध्यापकाच्या दरमहा वेतनाला तो सहसा मिळत नाही.

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन व संशोधन करण्याची मुभा दिली. तिचा पुरेपूर उपयोग कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी यांनी केला. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांच्या मोठ्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले आणि १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापनाची स्वतंत्र घडी बसली. पालि भाषेला विद्यापीठात मानाचे स्थान मिळाले ते याच कलकत्त्यात. पुढे विद्यापीठ आर्थिक अडचणीत आले. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण त्याबरोबर विद्यापीठाच्या कारभारावर बंधने घालणाऱ्या अटी जोडल्या. आशुतोषांनी ती रक्कम नाकारली. पैशासाठी विद्यापीठाचे स्वातंत्र्य गहाण टाकता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. सार्वजनिक द्रव्य हवे, पण ते विद्येच्या मानेवर पाय ठेवणारे नको, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे.

महाराष्ट्रात पालिविद्येची मुळे रुजविणारे आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरणही येथे आठवते. कलकत्त्यातील अधिक प्राप्तीचे स्थान सोडून महाराष्ट्रात पालीचा प्रसार करावा म्हणून ते परतले, ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा ५० रुपयांच्या आधारावर. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले आणि हेन्री वॉरन यांनी अपुऱ्या ठेवलेल्या विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम त्यांनी हाती घेतले. ती आवृत्ती १९५० मध्ये, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाली. एका ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीला चाळीस वर्षे लागली. अशा कार्याचा हिशेब वार्षिक अहवालात मांडता येत नाही. विद्याशाखेला दीर्घ मुदतीचा, न डगमगणारा आधार का लागतो, याचे हे बोलके प्रमाण होय.

त्याच बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. मुदत संपल्यावर त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून १९१७ मध्ये परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसा साठवून व मित्रांकडून साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. एका अलौकिक बुद्धिमत्तेची तीन मोलाची वर्षे द्रव्याअभावी विद्यापीठाबाहेर गेली. ज्यांची बुद्धी व जिद्द तेवढी असाधारण नव्हती, अशा किती विद्यार्थ्यांची संपूर्ण आयुष्ये बाहेर गेली असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

बाबासाहेबांची भूमिका

विद्येच्या खर्चाविषयी बाबासाहेबांनी जे विचार मांडले त्यांमागे हा अनुभव होता आणि अर्थशास्त्राचा व्यासंगही होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे समोरासमोर ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी कराच्या रूपाने दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. म्हणजे दारूच्या गुत्त्यांतून जनतेकडून जे घेतले जाते ते तिच्या शिक्षणावर होणाऱ्या खर्चाच्या जवळजवळ अडीचपट आहे. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणाच्या रूपाने परत करा, अशी त्यांची मागणी होती.

त्याच भाषणात त्यांनी शुल्काचा प्रश्न मांडला. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, माध्यमिक शाळांच्या खर्चापैकी सुमारे ३१ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या शुल्कातून उभा राहतो, हे दाखवून त्यांनी याला शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. जेवढे द्याल तेवढेच मिळेल, या बाजारी न्यायाने शिक्षण खाते चालविता येत नाही, असे त्यांनी बजावले. शिक्षणाच्या खाजगीकरणाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी दशके आधी हे शब्द उच्चारले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली १९२४-२५ मध्ये समिती नेमली गेली होती. तिच्या प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांत बाबासाहेबांनी पदवी व पदव्युत्तर शिक्षणाची ताटातूट करण्यास विरोध केला. ही ताटातूट म्हणजे अध्यापनापासून संशोधन तोडणे होय आणि तसे झाल्यास संशोधनाचीच हानी होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. देवपालाच्या ताम्रपटात भिक्षूंचा पिंडपात आणि ग्रंथांचे लेखन एकाच दानात आले होते. बाबासाहेबांनी वेगळ्या मार्गाने, आधुनिक विद्यापीठाच्या संदर्भात, तोच संबंध अखंड ठेवण्याची मागणी केली.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारने तरतूद करावी, असा आग्रह त्यांनी धरला. बनारस व अलीगढ विद्यापीठांना केंद्राकडून मिळणाऱ्या अनुदानाचा दाखला त्यांनी दिला होता. १९४४ पासून मिळू लागलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या हे त्या आग्रहाचे फळ होय. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन करून त्यांनी संस्थात्मक पाया घातला. दोन्ही मार्ग त्यांनी एकाच वेळी चोखाळले : शासनाकडून हक्काने घेणे आणि समाजाने स्वतः उभे करणे. दुसरा मार्ग पहिल्याला पर्याय आहे, असे त्यांनी कधीही मानले नाही.

अनुदान आयोगापासून आजपर्यंत

राधाकृष्णन आयोगाच्या शिफारशीनंतर डिसेंबर १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले व १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. मागची कल्पना अशी होती की, सरकार आणि विद्यापीठ यांच्यामध्ये विद्वानांची एक संस्था असावी. द्रव्य सरकारने द्यावे, वाटप विद्येच्या दृष्टीने व्हावे. परंतु घडी दुहेरी राहिली. केंद्रीय विद्यापीठांचा नित्य खर्च केंद्राकडून येतो. राज्य विद्यापीठांचे वेतन राज्य शासन देते. आयोगाकडून राज्य विद्यापीठांना विकास अनुदाने, अधिछात्रवृत्त्या व प्रकल्प मिळत. पंचवार्षिक योजनेत नवे पद मंजूर झाले की योजनेच्या मुदतीपुरता भार आयोग उचली, त्यानंतर तो राज्यावर येई. राज्याने हात आखडला की पद रिकामे राही. योजनांचे पर्वही २०१७ मध्ये संपले.

सार्वजनिक द्रव्याने काय साधू शकते, याचे उत्तम उदाहरण पालिविद्येतच आहे. १९५१ मध्ये बिहार शासनाने भिक्खू जगदीश काश्यप यांच्या नेतृत्वाखाली नवनालंदा महाविहार स्थापन केला. त्यांच्या संपादनाखाली संपूर्ण पालि तिपिटक ४१ खंडांत प्रथमच देवनागरी लिपीत शासकीय खर्चाने प्रसिद्ध झाले. कोणत्याही व्यापारी प्रकाशकाने हे काम हाती घेतले नसते. धर्मांतरानंतरच्या पहिल्याच दशकात, जेव्हा लक्षावधी नवदीक्षित बौद्धांना आपल्या धम्मग्रंथांची ओढ लागली होती, तेव्हा त्यांना वाचता येईल अशा लिपीत बुद्धवचन उपलब्ध झाले. हा रट्ठपिंड सार्थकी लागला.

त्यानंतरचा प्रवाह मात्र उलट दिशेने वळला. महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. पुढे विनाअनुदानित हा शब्द सर्वच शाखांत रूढ झाला. अनुदानित विभागांतही निवृत्त अध्यापकाची जागा भरली जात नाही. तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण पीएच.डी. धारक घड्याळी तासांचे मानधन घेऊन शिकवितो आणि सुटीच्या महिन्यांत त्याला काहीच मिळत नाही. अशा अध्यापकाकडून संशोधनाची अपेक्षा करणे म्हणजे वर्षावासाचे चीवर न देता ग्रंथलेखन मागणे होय. २०१७ पासून केंद्रीय संस्थांच्या इमारती व उपकरणांसाठी अनुदानाऐवजी कर्जाची पद्धत आली. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे लक्ष्य जाहीर झाले आणि त्यांपैकी ३६,००० कोटी शासनाबाहेरील स्रोतांतून यावेत असे ठरले. उद्योगाला ज्यात लाभ दिसेल त्या विषयांकडे हा पैसा जाईल, हे उघड आहे. शिलालेखांचे वाचन, हस्तलिखितांची तुलना, अट्ठकथांचे भाषांतर यांना कोणता उद्योग पैसा देईल? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के भाग शिक्षणावर खर्चावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला, यातच सर्व काही आले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी पालि भाषेला व मराठीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. ही आनंदाची घटना आहे. परंतु दर्जा हा ताम्रपटावरील प्रशस्तीसारखा असतो. प्रशस्तीखाली गावांची नावे लिहिली नसतील, तर तिच्यावर विहार चालत नाही. किती पूर्णवेळ अध्यापकपदे, किती अधिछात्रवृत्त्या, ग्रंथप्रकाशनासाठी किती वार्षिक तरतूद, हे आकडे मागून घेणे आता आपले काम आहे.

ऋण कोणाचे?

या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, विद्येला खात्रीचा वार्षिक निर्वाह हवा. उषवदाताने तो ठेवीतून दिला, देवपालाने गावांतून दिला. आधुनिक राष्ट्राने तो अंदाजपत्रकातून दिला पाहिजे. दुसरा असा की, निर्वाह आणि संशोधन यांची खाती वेगळी केली की दोन्ही क्षीण होतात. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा असा की, हा खर्च नेहमीच श्रमिकांनी उचलला आहे. नालंदेला तो तांदळाच्या रूपाने गेला, मुंबई इलाख्यात अबकारीच्या रूपाने, आज तो काडेपेटीपासून कपड्यापर्यंत प्रत्येक वस्तूवरील कराच्या रूपाने जातो. भूमिहीन मजुराची विधवाही विद्यापीठाची दाती आहे. म्हणून तिच्या मुलीला मिळणारी शिष्यवृत्ती ही कोणाची कृपा नाही. ती ऋणाची परतफेड आहे आणि ती उशिरा मिळाली तर तो ऋणकोचा दोष होय.

विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी प्रत्ययांच्या उपभोगाचे चार प्रकार सांगितले आहेत : चोराचा, ऋणकोचा, वारसाचा आणि स्वामीचा. जो शीलहीन असूनही संघात बसून खातो त्याचा उपभोग चोराचा. जो शीलवान आहे पण विचार न करता खातो त्याचा ऋणकोचा. विद्यापीठांत वेतन घेणाऱ्या आम्हा अध्यापकांनी हे वर्गीकरण स्वतःस लावून पाहावे. जे राज्य कर घेते आणि अध्यापकपद रिकामे ठेवते, त्यानेही आपण यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवावे. आपल्या समाजाने मात्र स्वतःस याचक समजू नये. बुद्धाच्या धम्माचे आणि बाबासाहेबांच्या कार्याचे आपण वारस आहोत. वारसाने आपला हिस्सा हिशेबासह मागावयाचा असतो. उषवदाताच्या कारकुनांनी व्याजाचा हिशेब जितक्या नेटकेपणाने दगडावर कोरून ठेवला, तितक्याच नेटकेपणाने आपल्या विहारांनी व संस्थांनी प्रत्येक विद्यापीठातील पालि विभागाच्या मंजूर पदांचा, रिकाम्या पदांचा आणि थकलेल्या शिष्यवृत्त्यांचा हिशेब दरवर्षी जाहीर सभेत वाचून दाखवावा.